पालखीत पाणी आणि फराळ वाटणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ, कॅम्प, हडपसर आणि पालखीच्या वाटेवर जिथे जिथे मांडव पडतात तिथली सगळी मंडळं, सोसायट्या, बचत गट आणि कट्ट्यावरची पोरं,

राम कृष्ण हरी.

पालख्या यायला अजून वेळ आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवतीये. एकदा मांडव पडला, स्पीकर आले आणि फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावरून भांडणं सुरू झाली की मग कुणाला काही सांगायची सोय राहत नाही. मी नाना पेठेतलीच. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं साथीच्या वॉर्डात गेली, आता रिटायर्ड आहे. निवडुंग्या विठोबाला तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की आमच्या बोळात चपला काढायला जागा नसते, घरात पडवीपर्यंत माऊली झोपलेल्या असतात, रात्रभर चहाचं पातेलं उतरत नाही आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे हे पत्र कुणी वारीवरची टीका म्हणून वाचू नका. विषय पाण्याचा आहे, आणि नाव घेऊनच सांगायचं तर कॉलऱ्याचा.

लगेच म्हणाल, काकू कॉलरा आता राहिलाय कुठे. राहिलाय. जगात दरवर्षी 13 लाख ते 40 लाख लोकांना तो होतो असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे. आणि लांब कशाला जायचं, 2022 च्या पावसाळ्यात आपल्याच मेळघाटात, चिखलदऱ्याकडच्या गावांमध्ये विहिरीच्या खराब पाण्यातून साथ आली आणि माणसं गेली. पुण्यात 2025 च्या जानेवारीत जीबीएसने, म्हणजे हातापायातली ताकद घालवणाऱ्या त्या आजाराने, सगळ्यांची झोप उडवली होती, तो कॉलरा नव्हे, तिथे जंतू वेगळा, पण सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सगळ्या पट्ट्यात बोट शेवटी पाण्याकडेच गेलं ना. तेव्हा महिनाभर सगळे पाणी उकळून प्यायले, मग साथ ओसरली आणि आपणही विसरलो, पुणेकर तसेही पाण्याच्या बाबतीत जरा गर्विष्ठच, आमचं खडकवासल्याचं पाणी म्हणून.

मागच्या वर्षी एका मंडळाच्या पोरांशी बोलत होते तर त्यातला एक जण ठसक्यात म्हणाला, "काकू, आम्ही इतकी वर्षं पाणी वाटतोय, आजपर्यंत एकाही वारकऱ्याला काही झालेलं नाही." मुलगा चांगला आहे, खोटं बोलत नव्हता. पण त्याला कळणार कसं होतं? कॉलऱ्याचा जंतू पोटात गेल्यापासून जुलाब सुरू व्हायला कधी बारा तास लागतात, कधी पाच दिवस. तुमच्या मांडवात वारकरी थांबतो पाच मिनिटं. पुण्यातून निघाल्यावर माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला, मग जेजुरी, वाल्हे, नीरेला स्नान आणि लोणंद, तुकोबांची लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामतीकडे. म्हणजे तुमच्या पिंपातलं पाणी ज्याला बाधलं तो आडवा होणार सासवडच्या तळावर, नाहीतर थेट लोणंदला, आणि तिथले लोक म्हणणार उन्हाने झालं, चालून झालं, नाहीतर आमच्याच गावचं पाणी खराब. तुमच्या कानावर यायला त्याला वाटच नाही. "आमच्याकडे काही झालं नाही" याचा अर्थ एवढाच की जे झालं ते तुमच्या हद्दीबाहेर झालं. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितीये, बाकीचं पत्र वाचलं नाहीत तरी एवढं तरी वाचा.

पूर्वी पटकी, म्हणजे हाच कॉलरा, आली की गावोगावी मरीआईचा गाडा काढायचे, वाजतगाजत वेशीबाहेर न्यायचे आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे, मग त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. आपलं चाललंय ते काही फार वेगळं नाही, फक्त आपल्याला माहीत नसतं की आपण गाडा ढकलतोय.

लंडनची एक गोष्ट आहे, 1854 ची. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि तिथूनच कॉलरा पसरतोय हे दाखवलं, हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्यातला माझा आवडता भाग वेगळा आहे. त्या पंपापासून बरंच लांब, हॅम्पस्टेडला, एक म्हातारी बाई कॉलऱ्याने गेली आणि त्या भागात दुसरी केसच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की बाई आधी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहायची, तिथल्या पाण्याची चव जिभेवर बसलेली, म्हणून रोज तिथून गाडीने पाणी मागवायची. तिच्याकडे आलेली भाचीही ते पाणी प्यायली आणि इझलिंग्टनला आपल्या घरी जाऊन तीसुद्धा गेली. पाणी एकीकडचं आणि माणूस पडला भलतीकडे. स्नोने घरोघर जाऊन विचारलं म्हणून कळलं, आपल्याकडे लोणंदला पडलेल्या आजीला कोण विचारणार की बाई पुण्यात कुठल्या चौकात पाणी प्यायलीस.

आता हा पसरतो कसा ते स्पष्टच सांगते, किळस आली तरी वाचा. पुण्यात एनआयव्ही ही व्हायरसवर संशोधन करणारी संस्था आहे म्हणून की काय, आपल्याला सगळं व्हायरसच वाटतं, पण कॉलरा हा बॅक्टेरिया, व्हिब्रिओ कॉलरी, मायक्रोस्कोपखाली स्वल्पविरामासारखा वाकडा आणि भयंकर चपळ. तो हवेतून येत नाही, शेजारी झोपल्याने होत नाही, खोकल्याने होत नाही. त्याचा रस्ता एकच, एकाच्या शीतून दुसऱ्याच्या तोंडात, मधे पाणी असेल, बर्फ असेल, अन्न असेल नाहीतर हात असेल. आणि गंमत अशी की ज्यांच्या पोटात तो जातो त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधे एकदोन जुलाब होऊन थांबतात, पण त्यांच्या शीतून जंतू पुढे एक ते दहा दिवस बाहेर पडत राहतो. म्हणजे जंतू देणारा हा आजारी दिसेलच असं नाही. तो चांगला धडधाकट, टोपी घालून, कपाळाला अष्टगंध लावून तुमच्या शेजारी पोहे वाढत असेल.

पोटातलं अ‍ॅसिड बरेचसे जंतू मारून टाकतं, म्हणून थोडेफार गेले तर सहसा निभावतं. पण वारीत चालणारे बरेच लोक साठीच्या पुढचे, त्यात कुणाकुणाची अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची, मग ते अ‍ॅसिड आधीच कमी झालेलं असतं. तुमच्या वीस वर्षांच्या कार्यकर्त्याला जे पाणी पचलं ते त्या आजींना पचेलच असं नाही, त्यामुळे "मी स्वतः पितो की तेच पाणी" हे मला सांगू नका, पोरांनो.

आणि एक, जाता जाता. इंग्रजांच्या राज्यात सरकार पंढरपूरच्या यात्रेकडे साथीचं मूळ म्हणूनच बघायचं, वारकरी म्हणजे रोग घेऊन फिरणारा माणूस. तो सूर अजून गेलेला नाही, दरवर्षी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच की हे लोक येतात आणि घाण करून जातात. उलटं आहे हो. वारकरी वाटेत जो जे देईल ते माऊली म्हणून घेतो, नको म्हणत नाही, कारण देणाऱ्याचा हात मागे फिरवायचा नाही असं त्याला वाटतं. घेणारा तपासत नसेल तर तपासायचं काम देणाऱ्याचं.

बरं, आता टँकर. गेल्या पालखीला एका चौकात मी मुद्दाम बाजूला उभी राहून बघत होते. टँकर आला, ड्रायव्हरने पाइप सोडला, तो पडला रस्त्यावर, आणि पाचच पावलांवर फिरती शौचालयं लावलेली, तिथून जो ओघळ येत होता त्यात त्या पाइपचं तोंड. कुणाचं लक्ष नाही. मग तोच पाइप उचलून पिंपात. पिंपाला खाली चांगली तोटी होती, पण तोटीतून हळू येतं आणि लाइन मोठी, म्हणून पोरांनी झाकणच काढून टाकलं आणि स्टीलचा तांब्या बुडवायला लागली, कोपरापर्यंत हात आत. तांब्या कंटाळा आला की फुटपाथवर ठेवायचा, परत उचलून पिंपात. समोर बायका ओंजळ धरून उभ्या, मुखाने हरिनाम. पोरं घामाने भिजलेली, सकाळपासून उपाशी, त्यांच्या सेवेत खोट काढायची नाहीये मला, पण ते पिंप बघून माझ्या पोटात गोळा आला. मी दोन शब्द बोलले तर मंडळाचे एक ज्येष्ठ मला म्हणाले, ताई, महापालिकेचं पाणी आहे, क्लोरीन असतंच त्यात.

असतं की. नळात असतं. पण टँकरमध्ये किती वेळ पडून होतं, टाकी शेवटची कधी धुतली, पाण्यात गाळ किती, यावर ते किती उरलंय हे ठरतं, आणि एकदा का पाइपचं तोंड चिखलात गेलं आणि वीस जणांचे हात पिंपात गेले की होतं नव्हतं ते क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. म्हणून विचारायचं असतं ते हे की आत्ता, या पिंपात, या मिनिटाला क्लोरीन उरलंय का. त्याची ओटी टेस्ट असते, गावाकडे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूससुद्धा करतो. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचं, आणि ते टेस्टचं पाणी लांब ओतून द्यायचं, प्यायचं नाही. लिटरला निदान अर्धा मिलिग्रॅम उरलेलं पाहिजे. पिवळं झालं नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी, चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच तीन ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, म्हणून तर अंदाजपंचे न टाकता परत टेस्ट करायची. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि मग अर्धा ते एक तास थांबायचं. हा तास कुणी थांबत नाही. पालखी समोर दिसायला लागल्यावर पावडर टाकली तर तिचा उपयोग शून्य, फक्त वास येतो आणि लोक तोंड वाकडं करतात. उघडी राहिलेली पावडरही मेलेली असते, मागच्या वर्षीच्या अर्ध्या पिशवीवर विसंबू नका. आणि टीसीएल, ओटीची बाटली हे सगळं मागायला तुमच्या भागातली आरोग्य कोठी आहे, क्षेत्रीय कार्यालय आहे, आधी जाऊन मागा, पालखीच्या दिवशी सकाळी फोन करून तिथल्या लोकांच्या नावाने खडे फोडू नका.

जारचं काय, असं विचाराल. जार म्हणजे शुद्ध अशी एक समजूत झालीये आणि मंडळांना जार सोपे पडतात हे मान्य. जीबीएसच्या वेळी पुण्यात खाजगी आरओ प्लांट सील करायची वेळ आली होती हे लक्षात आहे ना? आरओमध्ये पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. प्लांट चांगला असेल तर पाणी त्या क्षणी स्वच्छ, पण पुढे जारमध्ये, बुचाला, ग्लास बुडवणाऱ्या हाताला जे काही असेल ते मारायला त्या पाण्यात काहीच शिल्लक नसतं. त्यामुळे जार घ्या, पण लायसन बघून घ्या, आणि जारचं पाणी परत उघड्या पिंपात ओतून तांब्याने वाटणार असाल तर पैसे वाया.

बर्फाने जंतू मरत नाही, गोठून बसतो आणि सरबतात परत मोकळा होतो. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम 2018 पासून आहे, तरी लादी पोत्यात गुंडाळून टेम्पोत येते, पोतं कशाचं होतं देव जाणे. माझं ऐकाल तर पालखीत बर्फ आणूच नका. लिंबू सरबत साध्या पाण्याचं द्या, ताक द्यायचं तर ते कुठल्या पाण्याने केलंय ते बघा. चहा सगळ्यात बरा, उकळलेला असतो आणि माऊलींना पाहिजेही तोच असतो. खायला केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की यात फारसा धोका नाही. पोहे, उपमा, खिचडी गरम गरम वाढताय तोवर उत्तम, पण पहाटे चारला केलेला भात दुपारी बाराला वाढायचा नाही, कोमट ओल्या भातात हा जंतू मजेत वाढतो. कापलेली फळं, चिरलेली काकडी, ओल्या खोबऱ्याची चटणी हे सगळं टाळा. यात कंजुषीचा काही भाग नाही, उलट पदार्थ कमी करा पण ताजे करा, घाणा घाण्याने काढा.

आणि शौचालयापाशी साबण ठेवा हो. फिरती शौचालयं आता येतात, निर्मल वारीमुळे खूप फरक पडलाय, डोळ्यांनी बघितलाय आम्ही, पूर्वी पालखी गेल्यावर दोन दिवस गल्लीतून चालवत नव्हतं. पण बाहेर आल्यावर हात धुवायला एक तोटीची टाकी आणि साबणाची वडी दोरीला बांधून, एवढं कुणी करत नाही, आणि तिथला माणूस तसाच येऊन प्रसादाला हात पुढे करतो. दोरीला बांधलेली वडी चोरीला जात नाही, अनुभवाने सांगते.

आता समजा कुणाला झालाच. हे नीट वाचा, विशेषतः जी मंडळं पाय दाबून देतात, तेल लावून देतात त्यांनी. कॉलऱ्यात बहुतेक वेळा ताप नसतो. पोटातही फार दुखत नाही. धो धो पातळ जुलाब, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट, बरोबर उलट्या, आणि मीठ पाणी निघून गेल्यामुळे पोटऱ्यांत जीवघेणे गोळे. आणि वारीत गोळे कुणाला येत नाहीत? त्यामुळे माणूस तुमच्यासमोर येऊन पाय पुढे करतो, तुम्ही तेल चोळता, तो म्हणतो बरं वाटलं आणि पुढे चालायला लागतो. लाजेने जुलाबाचं सांगत नाही, बायका तर नाहीच नाही, वरून त्या शौचालयाला लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. म्हणून गोळे आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचाच, माऊली जुलाब होतायत का, आणि दुसरा, लघवीला शेवटचं कधी गेलात. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, बोटांची टोकं खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली, मग चोळत बसू नका. वॉर्डात एक आजी आल्या होत्या, त्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती, आवाज बसलेला, डोळे उघडे पण बघत नव्हत्या. दोन्ही हातांना सलाईन लावून भराभर पाणी आत सोडलं आणि काही तासांतच त्या उठून बसल्या नि माझी तुळशीची माळ कुठाय म्हणून भांडायला लागल्या. हा आजार असाच आहे, मारतोही तासांत आणि बरंही करता येतं तासांत. जोराचा कॉलरा झाला आणि उपचारच मिळाला नाही तर निम्म्यापर्यंत माणसं जातात, वेळेत पाणी भरून काढलं तर शंभरात एकही जायला नको.

कारण यात मारतं ते पाणी जाणं. जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून एक विष सोडतो आणि त्या विषाने अंगातलं मीठ पाणी आतड्यात ओतलं जायला लागतं, मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंतसुद्धा जाऊ शकतं. हे विष कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. कॉलऱ्याचा जंतू शोधणारा म्हणून रॉबर्ट कॉखचं नाव आपण शाळेत पाठ करतो, डे यांचं नाव आम्हा नर्सांनासुद्धा कुणी शिकवलं नव्हतं, असो.

पण या विषाला एक गोष्ट बिघडवता येत नाही. मीठ आणि साखर जोडीने आली तर आतडं ती जोडी आत घेतं आणि त्यांच्यामागे पाणीही आत जातं. ओआरएस म्हणजे एवढंच. आणि ते वापरायला डॉक्टर लागत नाही हे कुणी सिद्ध केलं तर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी. 1971 साल, बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे, सीमेजवळ बनगावला छावणी, पावसाळा, कॉलरा, जमिनीवर चिखलात आणि उलट्यांत पडलेली माणसं आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. या माणसाने कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाकिटं बनवून घेतली, तोटीच्या पिंपांत पाणी कालवलं आणि पेले दिले नातेवाइकांच्या हातात, आईने पोराला पाजायचं, भावाने भावाला. तेव्हा तोंडाने पाजून कॉलरा बरा होतो यावर मोठमोठ्या डॉक्टरांचाही विश्वास नव्हता. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. 2022 मध्ये ते वारले, नंतर पद्मविभूषण मिळालं. पोरांनो, तुमच्याकडे पिंप आहे, तोटी आहे, पेले आहेत आणि हात तर शेकड्याने आहेत. बनगावला यापेक्षा जास्त काही नव्हतं.

तर प्रत्येक मांडवात ओआरएसचा एक बॉक्स. पाकीट वाचा, मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं, मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजलं तर उलट त्रास वाढतो. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा, शिगोशीग नाही. घोट घोट द्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू. प्रत्येक जुलाबामागे छोट्या मुलाला अर्धी ते एक वाटी, मोठ्याला मागेल तेवढं. टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं ओआरएस म्हणून देऊ नका, त्यांच्यावर ओआरएस लिहायला ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी आली ती उगाच नाही, जास्त साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, घाण आत अडकते. "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवू नका. अँटिबायोटिक लागतं ते जोराच्या केसमध्ये आणि ते डॉक्टर ठरवतील, तुमच्या मेडिकलवाल्या मित्राने पट्टी फाडून वाटायची नाही. मुलांना झिंक देतात, दहा ते चौदा दिवस, तेही डॉक्टरांकडूनच. पाजलेलं टिकत नसेल, माणूस सुस्त पडत असेल, तर 108 लावा आणि गाडी येईपर्यंत पाजत राहा, "गाडी येतीये" म्हणून पेला खाली ठेवू नका. आणि त्याची उलटी, कपडे यावर टीसीएलचं पाणी टाका, ते कपडे टँकरच्या नळाखाली धुवू नका.

लस आहे, हो, तोंडाने घ्यायची, दोन डोस किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, आपल्या देशात बनते, तीन वर्षं तरी बऱ्यापैकी संरक्षण देते. जुन्या लोकांना यात्रेला जाताना दंडावर टोचून घेतलेलं आठवत असेल, ती वेगळी, हाफकिन साहेबांच्या घराण्यातली, ती आता देत नाहीत. पण लस घ्यायची की नाही, कुणाला द्यायची हे सरकारचं काम, मंडळाचं नाही, आणि लस घेतली म्हणून घाण पाणी चालतं असंही नाही.

मग माझं मागणं काय. प्रत्येक मंडळाने दोन माणसं फक्त पाण्याला लावा, त्यांनी वाढायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पाइप जमिनीला टेकू द्यायचा नाही, पिंपाचं झाकण उघडू द्यायचं नाही, तासातासाला ओटी करून वहीत लिहायचं. तोट्या कमी पडतात तर पिंपं वाढवा, एका फ्लेक्सच्या पैशात दोन तोटीची पिंपं येतात. आणि पिंपावर मंडळाचं नाव आणि एक फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा, दिंडीवाल्यांना सांगा की पुढे पाच दिवसांत तुमच्यापैकी कुणाला जुलाब झाले तर या नंबरवर नुसता मिस्ड कॉल द्या. फोन आला तर लगेच आपल्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्याच्या लोकांना कळवायचं, लपवायचं नाही, तुमची बदनामी होणार नाही, आणि झाली तर मी येऊन भांडेन तुमच्या बाजूने. असा फोन नंबर लिहायला जे मंडळ तयार होईल त्याच्या पोरांना मी टीसीएल आणि ओटी शिकवायला येते, संध्याकाळी सातनंतर कधीही, अर्ध्या तासाचं काम आहे. सामान तेवढं कोठीवरून आणून ठेवा, आणि टीसीएलची पिशवी तारीख बघून घ्या.

तुमची,
नाना पेठेतल्या काकू